रेकॉर्डमामा

"ब्रॅडमन गेला रे," मामा अगदी हळू आवाजात म्हणाले.

मी तेव्हा नांदेडात त्यांच्या शेजारी नुकताच राहायला आलो होतो. दूध तापत ठेवून फाटकापाशी उभा होतो. चेहरा जमेल तेवढा पाडून मी विचारलं, "कधी?"

"१४ ऑगस्ट १९४८. ओव्हलला. हॉलीसचा गुगली. शून्यावर. चार धावा काढल्या असत्या तर सरासरी शंभर झाली असती बापू. राहिली ९९.९४ वर."

तेवढ्यात माझं दूध उतू गेलं. त्याची नोंद मात्र मामांनी घेतली नाही.

गल्लीत त्यांना सगळे रेकॉर्डमामा म्हणतात. मामीसुद्धा दारात आलेल्याला "रेकॉर्ड मैदानावर गेलंय, बसा" असं सांगतात. पाटबंधारे खात्यात कालव्याच्या चाऱ्या मोजून एम.बी.त, म्हणजे मोजमापाच्या वहीत, आकडे चढवण्यात त्यांची उभी नोकरी गेली. निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि घड्याळ मिळालं. मामांना हवी होती ती एम.बी. ती सरकारजमा झाली. म्हणून त्यांनी स्वतःची सुरू केली: लाल कापडी पुठ्ठ्याची, दोनशे पानी, कडेला शाईनं अनुक्रमांक टाकलेली. पुढून उघडली की फलंदाजीचे विक्रम. उलटी करून मागून उघडली की मैदानांची हालत. दोन्हींना अक्षर तेच, लाल शाईची रेघ तीच. 'हजारे, ३८७ पैकी ३०९' ज्या जिव्हाळ्यानं लिहिलंय, त्याच जिव्हाळ्यानं मागल्या बाजूला लिहिलंय: 'पायरी क्र. ३ (पूर्व), फुटली. गज दिसतो. शेळ्या २.'

"मामा, शेळ्या कशाला लिहूलालाव?"

"आज दोन हायत. उद्या तीन झाल्या तर कळाया नको?"

१९४८ हे मामांचं आवडतं साल. ऑगस्टात ब्रॅडमन शून्यावर गेला, १७ सप्टेंबरला निजामाची राजवट संपून मराठवाडा मोकळा झाला आणि डिसेंबरात भाऊसाहेब निंबाळकरांनी पुण्यात ४४३ काढल्या. या तिन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध आहे, असं मामांना मनापासून वाटतं. काय संबंध आहे, ते अजून सापडायचंय.

निंबाळकरांचं मात्र मामांना लागून राहिलंय. पुणे क्लबच्या मैदानावर महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड. भाऊसाहेब ४४३ वर नाबाद, महाराष्ट्र ४ बाद ८२६. ब्रॅडमनच्या ४५२ चा जागतिक विक्रम मोडायला हव्या होत्या फक्त दहा धावा. आणि खेळ थांबलेला असताना काठेवाडचे कप्तान, राजकोटचे ठाकोरसाहेब, म्हणाले की पुरे झालं, आम्ही निघतो. गेलेच! सामना तिथंच संपला. निंबाळकरांना पुढं अधिकृत कसोटी एकही मिळाली नाही. पुढं हनिफ मोहम्मद ४९९ ला धावबाद झाला, १९९४ मध्ये लारानं ५०१ केल्या, पण प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये भारतीयाची सर्वात मोठी खेळी आजही ४४३ च आहे.

"मधल्या सुट्टीत गेले," मामा म्हणतात. हे त्यांचं पालुपद. अर्ध्यात टाकून जाणाऱ्या प्रत्येकाला ते लागू पडतं. पायऱ्यांना गिलावा न करता गेलेला ठेकेदार मधल्या सुट्टीत गेला. मामींचं कपाट उघडं टाकून गेलेला सुतार मधल्या सुट्टीत गेला. एकदा मी त्यांच्याकडची चुरमुऱ्यांची सुशीला अर्धी बशी ठेवून उठलो तर आतून हाक आली, "बापू, ठाकोरसाहेब होऊ नको."

पहाटे साडेपाचला मामा आमच्या भागातल्या मैदानावर पोचतात. त्या वेळी तिथं पोलीस भरतीची पोरं असतात. अंधारात सोळाशे मीटरचे राऊंड मारतात, गोळा फेकतात, आणि घरच्या शिव्या चुकवायला तिथंच बसून सामान्य ज्ञान पाठ करतात. मामा त्यांचा वेळ लावतात. हातात निवृत्तीचं घड्याळ. "पाच चाळीस. काल पाच छत्तीस होतं. रात्री काय खाल्लास?" पोरगं धापा टाकत म्हणतं, "लग्न होतं मामा." मामा वहीत लिहितात: 'लग्न, ४ सेकंद.'

मग पाहणी. जाळीची भोकं, नळ, दिवे, गवत. गेल्या आठवड्यात कुणाची तरी सभा झाली असेल तर मांडवाचे खड्डे मोजायचे. प्रदर्शन होऊन गेलं असेल तर द्रोण. दोन वर्षांपूर्वी एका खड्ड्यात त्यांचा पाय मुरगळला. मामींना वाटलं, आता तरी थांबतील. मामांनी लंगडत घरी येऊन टेप घेतला आणि परत जाऊन खोली मोजली. नऊ इंच. शहरातल्या मोठ्या स्टेडियमला श्री गुरू गोविंदसिंगजींचं नाव आहे. तिथं मात्र मामा वही काढत नाहीत. बाहेरूनच हात जोडतात. "तिथला आकडा वरचे बघतील," असं म्हणतात. वरचे म्हणजे महापालिका की आणखी वर, हे मी विचारलेलं नाही.

त्यांची मुलगी लातूरला असते. एरवी नांदेडहून लातूरला जाणारा माणूस एस.टी.त बसतो आणि झोपतो. मामा लोह्याला उतरतात, अहमदपूरला उतरतात, चाकूरला उतरतात. तालुक्या-तालुक्याला क्रीडा संकुल व्हावं ही सरकारची योजना, तेव्हा प्रत्येक ठिकाणी ते झालंय का, झालं असेल तर त्याचं कुलूप कुठल्या कंपनीचं आहे, हे पाहिल्याशिवाय त्यांना पुढची गाडी दिसत नाही. साडेतीन तासांच्या वाटेला त्यांना दिवस लागतो. सोबत मामींनी बांधून दिलेले धपाटे असतात. ते त्या-त्या तालुक्यातल्या चौकीदाराबरोबर वाटून खायचे. एकदा अहमदपूरहून फोन आला, "बापू, संजय बांगर कुठला?"

"बीडचा."

"२००२, हेडिंग्ली, सलामीला ६८. लिहून ठेव. अन् सचिन धस?"

"तोही बीडचा."

"२०२४, एकोणीस वर्षांखालच्या वर्ल्डकपची सेमीफायनल. भारत ४ बाद ३२, तिथून १७१ ची भागी. ९६ ला गेलं पोरगं. चार कमी! ब्रॅडमनला चार कमी, ह्याला चार कमी. ह्या चारचं कायतरी हाय." आणि फोन बंद. बहुधा गाडी लागली असावी.

लातूरला नात आहे. नववीत. तिच्या आईचा हिशोब सरळ होता: खेळात पुढं गेली तर दहावीला सवलतीचे गुण, क्रिकेटमध्ये गर्दी फार, म्हणून सॉफ्टबॉल. त्यानंतर अकरावी, लातूर पॅटर्न, नीट, बॅट माळ्यावर. पोरीला हा हिशोब कुणी सांगितला नसावा, कारण ती खेळात रमली. एक दिवस तिनं ॲल्युमिनियमची बॅट आजोबांच्या हातात दिली. मामांनी ती भिंतीवर हलकेच आपटून पाहिली. टण्ण.

"ही बॅट हाय का परात?"

पण नातीचा खेळ म्हटल्यावर विक्रम आले. सॉफ्टबॉलचा थोरला भाऊ बेसबॉल, तेव्हा नातीच्या मोबाइलवरून अमेरिका उघडली आणि पहिल्याच आकड्याला मामा अडले. टेड विल्यम्स, १९४१, सरासरी .४०६.

"पॉइंटाच्या आधी काय हाय?"

"काही नाही आबा. दहातल्या चार वेळा हिट. त्यानंतर त्याच्या लीगमध्ये कुणाला चारशे जमलेलं नाही."

"म्हणजे दहातनं सहादा फसला! अन् ह्याला देव म्हणायचं?" त्यांनी वही मिटली. दोन दिवस त्यांनी अमेरिकेशी संबंध ठेवला नाही. नात म्हणाली, आबा, तुमच्या कालव्यावर दहातल्या किती चाऱ्यांना शेवटपर्यंत पाणी यायचं? मामा बराच वेळ गप्प बसले. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा टँकरचे डबे मोजायला नांदेडहून गेलेला हा माणूस. "चार म्हणजे लई झालं," असं म्हणून त्यांनी वही पुन्हा उघडली.

मग नातीनं त्यांना हंगामाच्या शेवटच्या दिवसाची गोष्ट सांगितली. त्या सकाळी विल्यम्सची सरासरी होती .३९९५५. नुसता बाकावर बसून राहिला असता तरी कागदावर ती .४०० धरली गेली असती. मॅनेजरनं विचारलंही, बसतोस का? त्या दिवशी दोन सामने होते. पठ्ठ्या दोन्ही खेळला, आठ वेळा बॅट धरली, सहा हिट मारल्या.

"बसला नाही!" मामांनी गुडघ्यावर थाप मारली. मला रात्री साडेदहाला फोन. "बापू, आमच्या निंबाळकरांना बसवलं, अन् त्याला बस म्हणत होते तर तो बसला नाही!" त्यांच्या आवाजात एवढा आनंद मी त्यांच्या मुलाला नोकरी लागली तेव्हाही ऐकला नव्हता. पाठोपाठ बेब रूथ १९२७ चे साठ होमरन घेऊन वहीत आला, डिमॅजिओ आपल्या सलग छपन्न सामन्यांतल्या हिट घेऊन आला, आणि १९३२ मध्ये ब्रॅडमन न्यूयॉर्कला जाऊन रूथला भेटला होता हे कळल्यावर मामांनी दोघांच्या पानांमध्ये दोऱ्याची खूण बांधली.

नातीच्या सामन्याला मीही गेलो होतो, म्हणजे नेला गेलो. लातूरजवळचं एक संकुल. नाव विचारू नका, पोरीला पुढंही तिथंच खेळायचंय. मामांनी आदल्या दिवशी पाहणी करून एक धड पायरी हेरून ठेवली होती. तिच्यावर रुमाल टाकून आम्ही बसलो. सातवा डाव, म्हणजे शेवटचा. पोर बॅटिंगला आली. टण्ण! चेंडू दोघींच्या मधून गेला तो गेलाच. मैदानात गवत कमी, ढेकळं जास्त. चेंडू उड्या मारत लांब, पार जाळीकडे. पोर पहिल्या बेसवरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या. मामा उभे. वही पुढून उघडलेली, पेनाचं टोपण दातात. पोर घरी, म्हणजे होम बेसवर, पोचली, धुळीत घसरली, मैत्रिणींनी उचलली.

तेवढ्यात पंचानं हात वर करून दोन बोटं दाखवली.

चेंडू जाळीच्या भोकातून बाहेर गेला होता. जमिनीवरून गेलेला चेंडू कुंपणाबाहेर निसटला तर दोनच बेस. पोरीला घरून उठवून पुन्हा दुसऱ्या बेसवर नेऊन उभं केलं. तिचे कपडे अजून झटकायचे होते.

मामा पायऱ्या उतरले. फुटक्या तिसऱ्या पायरीवर, रागाच्या भरातही, पाय दिला नाही. पंच म्हणजे विशी-बाविशीतला मुलगा. मामांना येताना पाहून तो आधीच म्हणाला, "काका, नियम आहे."

"नियम बरोबरच हाय," मामा म्हणाले. "जाळी चूक हाय."

आणि ते पंचाला सोडून थेट जाळीकडे गेले. खिशातून टेप काढला. दीड फूट बाय सव्वा फूट. भोक क्र. ७, कालच्या पाहणीत मागल्या बाजूला नोंदवलेलं. इकडं पुढली पोर झेल देऊन बाद झाली, नात दुसऱ्या बेसवरच राहिली, सामना एका धावेनं गेला. मामा वही हातात घेऊन उभे. पुढून उघडावी की मागून, हे त्यांना बराच वेळ ठरवता येईना. वही सुलटी केली, उलटी केली. शेवटी टोपण लावून पेन खिशात घातलं. मी त्यांना काही न लिहिता परतताना पहिल्यांदाच पाहिलं.

"मामा, दोन बेस तर दोन बेस," मी म्हणालो.

"भाऊसाहेबांना असंच कुणीतरी म्हणलं असंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते घरात नव्हते. मुलीच्या घरातली पक्कडही नव्हती. मी आणि नात संकुलावर गेलो. तिच्या मैत्रिणी किटच्या पिशव्या घेऊन जाळीबाहेर ताटकळत उभ्या होत्या. आत मामा उकिडवे बसून बाइंडिंगच्या तारेचा शेवटचा पीळ देत होते. विणकाम देखणं होतं. डासही गेला नसता.

"आबा, हे काय केलंव?"

"बुजवलं. आता मार होमरन."

"आबा, गेटला कुलूप असतंय. आम्ही रोज ह्यातूनच आत जातोत."

मामांनी गेटकडं पाहिलं. "चावी कुणाकडं हाय?"

"ज्याच्याकडं हाय तो..." नात थांबली.

"मधल्या सुट्टीत गेलाय," पोरी एका सुरात म्हणाल्या. नातीनं त्यांना शिकवून ठेवलं असणार.

"अन् मामा," मी विचारलं, "तुम्ही बाहेर कसे येणार?"

मामांनी एकदा जाळीकडं पाहिलं, एकदा स्वतःच्या पोटाकडं. पक्कड पुन्हा उचलली. पीळ उलटे सुटायला, बांधायला लागला त्याहून जास्त वेळ लागला. पोरी एकेक करून वाकून आत शिरल्या, आधी पिशव्या, मग त्या. मामांनी घड्याळात पाहिलं, वही काढली आणि मागून उघडली.

'भोक क्र. ७. बुजवले ६.४०. उघडले ७.०५. आत गेल्या: ११.'

मग नातीकडं पाहून एक खोडून १२ केलं.