पिझ्झ्याची बेंड टेस्ट

उरल्याच्या माणसाला भट्टी कळते. निदान आपल्याला ती कळते असं त्याला वाटतं, आणि एकदा तसं वाटलं की भट्टीतून निघालेली वस्तू लोखंडाची आहे की मैद्याची, याने त्याचं काही अडत नाही. म्हणून आमच्या घरी पिझ्झा मागवला की आधी त्याची तपासणी होते, मग तो खाल्ला जातो आणि शेवटी अहवाल निघतो. अहवाल नेहमी प्रतिकूल असतो. पिझ्झा नेहमी संपलेला असतो.

उरला म्हणजे रायपूरच्या उत्तरेला, बिरगावला खेटून असलेली औद्योगिक वसाहत. रोलिंग मिल, इंडक्शन फर्नेस, ट्रेलर आणि चहाच्या टपऱ्या. पलीकडे सिलतरा, तिथे स्पंज आयर्नचे कारखाने. गच्चीवर वाळत घातलेला पांढरा सदरा आमच्याकडे संध्याकाळपर्यंत पांढरा राहील याची हमी कोणी देत नाही. त्यामुळे पिझ्झा अंगणात बसून खायचा नाही, असा घरचा नियम आहे. वरचा काळा ठिपका ऑलिव्हचा की सिलतऱ्याचा, यावर एकमत होत नाही. आमचे भाऊजी सिलतऱ्यातच नोकरीला असल्यामुळे तो ऑलिव्हच आहे असं ते दरवेळी ठासून सांगतात. एकदा साधा चीज पिझ्झा मागवला होता, तरीही.

मी स्वतः एका मिलच्या लॅबमध्ये आहे. पुण्याकडचे लोक ज्याला सळई म्हणतात आणि आम्ही सरिया, तो तपासणं हे माझं काम. भारतीय मानक १७८६ हे आमचं पंचांग. सरिया तुटेपर्यंत ओढून पाहायचा, वाकवून पाहायचा, आणि वाकवलेला तुकडा अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवून, गार करून, पुन्हा उलटा सरळ करून पाहायचा. तडा गेला की माल नापास. ही सवय घरी आणू नकोस असं बायको सांगत असते. पण पिझ्झ्याचा तुकडा मागच्या काठाला धरून उचलला की हात आपोआप कोन मोजायला लागतो. ताजा असेल तर टोक खाली झुकतं आणि वरचा ऐवज घसरायला बघतो. उरल्यापर्यंत येऊन पोचलेला असेल तर तो सरळ उभा राहतो. त्याची बेंड टेस्ट घेता येते, रिबेंड घ्यायची माझी हिंमत होत नाही.

आत्याचं म्हणणं वेगळं. आत्या तात्यापाऱ्यात राहते. भोसल्यांच्या मागोमाग छत्तीसगडात आलेल्या मराठी घराण्यांपैकी आपलं एक, असं ती सांगते आणि नागपूरच्या कुठल्याही पदार्थावर तिचा वडिलोपार्जित हक्क असतो. पिझ्झ्यावर तिचं पहिलं आणि शेवटचं मत असं की, “पोळी कच्ची आहे.” पोळी जळली असली तरी ती कच्चीच असते. कडा भाजली आणि मध्य कच्चा, मध्य भाजला आणि कडा कच्ची. “अरे, एवढी जाड भाकरी आणि फुंकर घालायला कोणी नाही, भाजेल कशी?”

तिला वाटतं ते अगदीच चूक नाही. साखळी दुकानाच्या काउंटरपाशी उभं राहून जरा आत डोकावून पाहावं. पिठाचे गोळे तिथे मळलेले नसतात, ते मध्यवर्ती स्वयंपाकघरातून थंड गाडीतून, डब्यात ओळीने बसून आलेले असतात. मुलगा गोळा दाबून पसरतो आणि जाळीवर टाकतो. सॉस पळीने मोजलेला, चीज पेल्याने मोजलेलं. मग ती जाळी तो एका पोलादी बोगद्याच्या तोंडाशी ठेवतो आणि पाठ फिरवतो. आत पट्टा सरकत असतो, वरखालून गरम हवेचे झोत येत असतात, आणि काही मिनिटांनी पलीकडच्या तोंडातून पिझ्झा बाहेर पडतो. मध्ये कोणी “झालं का गं?” म्हणून झाकण उचलत नाही, सुरी खुपसत नाही, वास घेत नाही. पट्ट्याचा वेग एकदा ठरला की पोळीचं नशीब ठरलं.

भाऊजींनी तो बोगदा पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यांचे डोळे पाणावले. “अरे, ही तर आपली रीहीटिंग फर्नेस!” ते मोठ्याने म्हणाले, आणि रांगेतल्या एका कॉलेजकन्येने आपली ऑर्डर जरा बाजूला ओढून घेतली. पण ते खरंच होतं. आमच्या मिलमध्ये एका तोंडाने गार बिलेट ढकलतात, दुसऱ्या तोंडाने अकराशे-बाराशे अंशांवर लालबुंद बाहेर पडतं. तिथेही कोणी फुंकर घालत नाही. वेग, ताप आणि वजन सांभाळलं की आजचा सरिया कालच्यासारखा निघतो. कालच्यासारखा निघावा म्हणूनच मला पगार मिळतो.

इथे माझी खरी अडचण सुरू होते. दिवसभर मी ज्याला दर्जा म्हणतो, त्यालाच संध्याकाळी पिझ्झ्यात दोष म्हणावं लागतं. रायपूरचा पिझ्झा भिलाईच्या पिझ्झ्यासारखा आणि भिलाईचा नागपूरच्यासारखा लागतो, ही तक्रार मीही हिरिरीने करतो. सरियाबद्दल कोणी अशी तक्रार केली तर मी तिची चौकट करून लॅबमध्ये लावीन.

या साखळ्या आपल्याकडे आल्या त्या १९९६ मध्ये. डॉमिनोज दिल्लीत आणि पिझ्झा हट बंगळुरूत, एकाच वर्षी. रायपूर तेव्हा मध्य प्रदेशात होतं आणि आमच्यापर्यंत पिझ्झा पोचला तो मासिकांतल्या पाककृतींमधून. बेकरीतून गोड्या ब्रेडचा एक जाड चकता आणायचा, त्यावर टोमॅटो सॉस चोपडायचा, शिमला मिरचीच्या चकत्या, कांदा, किसणीवर किसलेलं अमूल चीज, आणि तवा. वर ताट उपडं. त्या चीजला तार सुटायची नाही, ते नुसतं घाम आल्यासारखं चकचकायचं. तार सुटायला मोझरेला लागतं, कारण त्याचं दही गरम पाण्यात ताणून ताणून घडवलेलं असतं. आम्हाला हे ठाऊक नव्हतं आणि काही कमीही वाटलं नव्हतं. जाहिरातीत तार दिसायला लागली तेव्हापासून आमची घरची पोळी नापास झाली.

अननसाचा विषय इथेच उरकून टाकतो. १९६२ मध्ये कॅनडातल्या सॅम पानोपुलोस नावाच्या हॉटेलवाल्याने पिझ्झ्यावर डब्यातला अननस टाकला आणि २०१७ मध्ये आइसलंडच्या राष्ट्राध्यक्षांनी, आपल्या हातात असतं तर त्यावर बंदी घातली असती, असं गमतीने सांगून जगभर वाद पेटवला. आमच्या घरी वाद नाही. अननस शिऱ्यात घालतात. विषय संपला.

भाचीला मात्र वाद हवा असतो. ती पुण्याला शिकते आणि सुट्टीत उरल्याला येते ती मतं घेऊन. “मामा, साखळीवाल्यांचा पिझ्झा म्हणजे पुठ्ठा आणि केचप,” ती म्हणाली. मी तिला म्हटलं, बाळ, हे तू आत्ता बोलतेस, खुद्द कंपनीने केव्हाच बोलून टाकलंय. २००९ च्या अखेरीस डॉमिनोजने अमेरिकेत एक जाहिरात काढली. तिच्यात गिऱ्हाइकं कॅमेऱ्यासमोर सांगत होती की तुमची पोळी पुठ्ठ्यासारखी लागते आणि सॉस केचपसारखा, आणि कंपनीचे मोठे साहेब चेहरा पाडून ऐकत होते. मग त्यांनी पोळी, सॉस, चीज सगळंच नव्याने बांधलं. पुढच्या तिमाहीत तिथल्या जुन्या दुकानांची विक्री वर्षभरापूर्वीच्या तुलनेत १४.३ टक्क्यांनी वाढली.

ही गोष्ट मी उत्साहाच्या भरात आमच्या शेठजींनाही सांगितली होती. आपणही एक जाहिरात काढावी, लोक म्हणतात आमचा सरिया वाकडा आहे, वगैरे. शेठजींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि मला विचारलं, “आपकी तबियत तो ठीक है ना?”

आत्याला डॉमिनोजच्या इतिहासात एकच प्रसंग आवडतो. १९६० मध्ये मिशिगनमध्ये टॉम मोनाहन आणि त्याचा भाऊ जेम्स यांनी मिळून एक छोटं पिझ्झा दुकान घेतलं. काही महिन्यांनी जेम्सने आपला अर्धा हिस्सा टॉमला देऊन टाकला आणि बदल्यात दुकानाची डिलिव्हरीची फोक्सवॅगन बीटल गाडी घेतली. आत्याने हे दोनदा सांगायला लावलं. “म्हणजे आपल्या दाजीकाकांसारखंच की,” ती म्हणाली. “वाटणीत विहीर सोडली आणि रॅलेची सायकल घेतली. पण त्यांना निदान कोणी पुठ्ठा म्हणालं नाही.”

तीस मिनिटांत पिझ्झा पोचवण्याचं वचनही त्याच घराण्याचं. अमेरिकेत अपघात आणि खटले झाल्यावर ते १९९३ मध्ये मागे घेतलं गेलं. आपल्याकडे ते वर्षानुवर्षं जाहिरातीत राहिलं आणि घराघरांत घड्याळ लावून बसणारी एक जमात तयार झाली. उरल्यात त्या जमातीचं काही चालत नाही. आमचा पत्ता ऐकूनच समोरचा माणूस एक दीर्घ श्वास घेतो. भनपुरीला ट्रेलर आडवा होतो, त्याच्यामागे दुसरा उभा राहतो, आणि आमचा पिझ्झा त्या दोघांच्या मध्ये कुठेतरी गार होत असतो. मुलगा गेटवर येतो तेव्हा त्याच्या भुवयांवर धूळ असते. त्याला पाणी द्यायचं की मिनिटं मोजायची? आम्ही पाणी देतो. शिव्या पिझ्झ्याला देतो.

गार झाल्यावर त्याचं काय होतं ते लोखंडवाल्याला लगेच समजतं. बंद खोक्यात वाफ कोंडते आणि पोळीचा तळ ओलसर होतो, चीजमधली चरबी थिजते, पिठातला स्टार्च आक्रसून कडक होतो. चांगला माल चुकीच्या पद्धतीने थंड केला की वाया जातो. गरम सरियावर पाण्याचा मारा करून आम्ही बाहेरचा थर टणक करतो आणि आतल्या उष्णतेने तो पुन्हा बेताचा नरम होऊ देतो, सगळी करामत त्या काही क्षणांत असते. पिझ्झ्याची करामत भनपुरीच्या चौकात होते.

खोक्यात मधोमध जो तीन पायांचा पांढरा प्लॅस्टिकचा चौरंग असतो, त्याचं पेटंट न्यूयॉर्ककडच्या कार्मेला व्हिटाले या बाईंना १९८५ मध्ये मिळालं. झाकण खचून चीजला चिकटू नये म्हणून तो. संपूर्ण पिझ्झ्यात आत्याने आजवर बिनशर्त मान्य केलेली हीच एक वस्तू. ती ते चौरंग धुऊन जपून ठेवते. गणपतीत तिच्याकडे उंदीरमामा त्यावर बसतो, आणि ओरेगॅनोच्या पुड्या देवघराखालच्या खणात, कापराशेजारी, वर्षभर पुरतील इतक्या. परवा तिच्याकडच्या कांदेपोह्यांना इटलीचा वास येत होता.

भाचीने शेवटी तिचा हुकमी पत्ता काढला. “मामा, खरा पिझ्झा नेपल्सचा. लाकडाची भट्टी, हाताने थापलेला, प्रत्येक वेगळा. तुमच्यासारखं मोजमाप नाही तिथे.”

इथे मला फार बरं वाटलं. नेपल्सवाल्यांनी १९८४ मध्ये संघटना काढून नियम बांधले, आणि २०१० मध्ये युरोपीय संघाने त्या पिझ्झ्याचं मानकच नोंदवून घेतलं. व्यास ३५ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. काठ एक ते दोन सेंटीमीटर उंच. ताप सुमारे ४८५ अंश, वेळ साठ ते नव्वद सेकंद. आणि मध्यभागी जाडी ०.४ सेंटीमीटर, कमीजास्त १० टक्के. मी हे तिला मोबाइलवर काढून दाखवलं. आमच्या १२ मिलिमीटरच्या सरियाला मानकाने वजनात कमीजास्त ५ टक्क्यांची सूट दिली आहे. नेपल्सच्या पोळीला १० आहे, पण सूट ती सूटच. हाताने थापा नाहीतर यंत्राने, व्हर्नियर कॅलिपर घेऊन एक माणूस मागे उभा असतोच.

“म्हणजे तिकडेही तुमच्यासारखी माणसं आहेत?” भाची खचलेल्या आवाजात म्हणाली.

आमच्या लॅबमधला हेल्पर, पक्का आरंगकडचा, त्या दिवशी रिपोर्टांवर सह्या घ्यायला घरी आला होता. त्याला एक तुकडा दिला. त्याने तो खालून पाहिला, वरून पाहिला आणि सावकाश चावला. “बने हे साहब,” तो म्हणाला, “फेर अंगाकर कस नइ हे.” चांगला आहे, पण अंगाकरसारखा नाही. अंगाकर म्हणजे तांदळाच्या पिठाची जाड रोटी, पळसाच्या पानांत गुंडाळून गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजलेली. वर जळकं पान चिकटून येतं, ते सोलून काढायचं. तिला मानक नाही, व्यास नाही, सूट नाही, आणि त्याच्या आईची एकही अंगाकर आजवर नापास झालेली नाही.

“नापास झालेल्याचं करतात काय पण?” आत्याने विचारलं. सरियाचं म्हणतेय असं समजून मी सांगितलं की तो परत भट्टीत जातो, वितळतो, पुन्हा बिलेट होतं. आमच्या धंद्यात ही एक मोठी सोय आहे. पिझ्झ्याला ती नाही, नापास पिझ्झा सरळ उरल्याला पाठवतात.

“नाही कशी?” आत्या उठली. उरलेले चार तुकडे तिने तव्यावर मांडले, कडेने दोन थेंब पाणी सोडलं, वर ताट उपडं घातलं आणि गॅस बारीक केला. भाची मोबाइलवर सेकंद मोजायला लागली तशी आत्याने तिच्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि डब्यांमागे ठेवून दिला. “वास आला की सांगते,” ती म्हणाली. “आणि भाऊजींना ताट उचलू देऊ नका. ते मघापासून टपून बसलेत.”