बिनमुखवट्याचे प्रेमवीर

सोळाव्या-सतराव्या शतकांत इटलीत 'कोमेदिया देल्लार्ते' नावाची जी नाट्यपरंपरा रंगायची, तिच्यातल्या प्रत्येक पात्राला काही ना काही उद्योग असे. व्हेनिसचा म्हातारा पान्तालोने पैसे सांभाळी, बोलोन्याचा डॉक्टर चुकीचं लॅटिन झाडी आणि बेर्गामोचा नोकर आर्लेकिनो जेवण मिळवण्याच्या व मार चुकवण्याच्या खटपटीत असे. निव्वळ रिकामटेकडे दोघंच: प्रियकर आणि प्रेयसी. तेही एका जोडीवर भागत नसे, बहुधा दोन जोड्या लागत.

प्रियकर लेलिओ असो, फ्लाव्हिओ असो की ओरात्सिओ, नावापरता फरक, उसासा तोच. अंगावर चालू फॅशनचे कपडे आणि तोंडाला रंग. म्हातारे नि नोकर मुखवटे घालत, याला मुखवटा नाही. चेहरा झाकून प्रेम करायचं तर तो सुंदर असल्याचा काय उपयोग? बाकीचे आपापल्या गावच्या बोलीत कचाकचा भांडत असताना हा शुद्ध तोस्कानी भाषेत, कवी पेत्रार्काच्या थाटात बोलणार. पाणी हवं असलं तरी आधी डोळ्यांतल्या सागराचा उल्लेख होणारच.

या नाटकांना लिखित संवाद नसत. कथेचा आराखडा तेवढा ठरलेला, बाकी बोलणं आयत्या वेळचं. प्रियकराची उत्स्फूर्तता मात्र वहीत असे. रुसवा, मत्सर, विरह, समेट, सगळ्यांवरची भाषणं उतरवून तोंडपाठ! काळीज फाटलं रे फाटलं की योग्य पान हजर.

बरं, प्रेयसीचं घर कुठे, तर रस्त्याच्या पलीकडे, समोरच. चार पावलं टाकून कडी वाजवावी की नाही? छे! तो चिठ्ठी लिहिणार, ती आर्लेकिनोकडे देणार, आर्लेकिनो ती नेमकी तिच्या बापाच्या हातात ठेवणार आणि इकडे हा चंद्राला दोष देत बसणार. शेवटी लग्न जुळवायचं नोकरांनी आणि आभार मानायचे दैवाचे. मला विचाराल तर हे दोघं एकमेकांच्या नव्हे, आपापल्या विरहाच्या प्रेमात असतात.

या ठरीव प्रेमवीरांना अपवाद इझाबेल्ला आन्द्रेइनी. पादुआची ही नटी 'जेलोसी' नाटक मंडळीची नायिका. 1589 साली फ्लोरेन्सला सत्ताधारी मेदिची घराण्यातल्या लग्नात तिने प्रेमभंगाने वेडी झालेली नायिका रंगवली. वेडाच्या भरात ती फ्रेंच बोलली, फ्रेंच गाणी गायली आणि मंडळीतल्या म्हाताऱ्यांच्या नि नोकरांच्या बोलींची हुबेहूब नक्कल केली. बाईचं डोकं फिरलं तेव्हा कुठे ती माणसांसारखी बोलली.

तिचा नवरा फ्रान्चेस्को याच मंडळीत नट. त्यानेही सुरुवात प्रियकर म्हणूनच केली होती. पुढे तो कॅप्टन स्पाव्हेन्तो हा बढाईखोर शिपाई करू लागला, आणि त्याचं नाव झालं ते त्याच भूमिकेत.