धक्क्यावरचे धन्वंतरी

प्रत्येक मासेमारी बंदराला जसा एक धक्का असतो, एक बर्फाचा कारखाना असतो आणि मासळीच्या लिलावाची एक ठरलेली जागा असते, तसा एक धन्वंतरीही असतो. सरकारी दप्तरात पहिल्या तिघांची रीतसर नोंद सापडते, चौथ्याची सापडत नाही. परंतु बोट समुद्रात न्यायची वेळ आली म्हणजे बर्फ उशिरा येईल, व्यापारी पाठ फिरवतील, धक्क्याशी पुरेसे पाणीही नसेल, धन्वंतरी मात्र वेळेवर, किंबहुना वेळेच्या अगोदर, हजर असतात. मिरकरवाडा म्हणा, साखरी नाटे म्हणा की देवगड म्हणा, गावपरत्वे टोपी बदलते, बोलीचा हेल बदलतो. बाकी मूर्ती तीच. खांद्यावर पंचा, कानावर न पेटवलेली विडी आणि काखेत एक जुनी छत्री, जिची एक काडी कापडाशी असलेले नाते तोडून कायमची बाहेर डोकावत असते. त्यांच्या मालकीची बोट नसते. एके काळी होती असे ते सांगतात, आणि ती का राहिली नाही याची कारणे श्रोता पाहून बदलतात. उमेदीच्या काळात ते मुंबईस कुठल्याशा इंजिनाच्या कारखान्यात होते एवढे सर्वमान्य आहे. तेथे त्यांचा हुद्दा काय होता, याविषयी खुद्द त्यांच्या घरात दोन मते आहेत.

धन्वंतरींच्या विद्येला खरा बहर येतो तो जुलैच्या अखेरीस. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी असते. त्या मुदतीत झाप घालून शाकारलेल्या बोटी उघड्या होतात, त्यांना रंग चढतो, जाळी तुणली जातात, आणि सहकारी संस्थेच्या डिझेल पंपासमोर बोटींची अशी दाटी होते की एकीच्या नाळेवरून दुसरीच्या कठड्यावर पाय टाकीत मनुष्य कोरड्या पायांनी बंदर ओलांडून जाईल. कोटा किती मंजूर झाला, परवान्याची प्रत जोडली की नाही, गुदस्त सालचा विक्रीकराचा परतावा अजून का रुजू झाला नाही, असल्या प्रश्नांची उत्तरे संस्थेचा कारकून चष्म्यावरून बघत देत असतो, आणि त्याच गर्दीत एखाद्या बोटीवर तो सुपरिचित आवाज होतो: खट्.

नॉझल बंद पडले. खलाशी पुन्हा खटका दाबतो. दोन लिटर जाते न जाते तोच पुन्हा खट्. तिसऱ्या खेपेस तो चिडून नळी आत दाबतो, तेव्हा टाकी एक ढेकर देते आणि फेसाळलेले डिझेल भरणीच्या तोंडातून उसळून त्याच्या नव्या सदऱ्यावर येते. हजार-दीड हजार लिटरची टाकी, तळाशी गेल्या हंगामातले जेमतेम बोटभर तेल, आणि तरीही ती, घास नाकारणाऱ्या लेकरासारखी, एक थेंब घ्यायला राजी नाही! मागच्या बोटीवाले ओरडू लागतात, तांडेल भरणीच्या झाकणाकडे उगाच संशयाने पाहतो, आणि गर्दी आपोआप दुभंगून तीतून छत्रीचे टोक पुढे येते.

"काय रे, तेल घेत नाय?"

"नाय ना आप्पा. सारखी गन पडतंय."

"पडणारच," असे म्हणून आप्पा कठड्यावर बैठक जमवतात. येथे हे नमूद करणे अवश्य आहे की धन्वंतरी टाकी पाहत नाहीत. टाकी पाहून निदान करणे हे त्यांच्या लेखी मिस्त्रीचे, म्हणजे हलक्या दर्जाचे, काम होय. ते रुग्णाचा पूर्वेतिहास घेतात. बोट कोणी बांधली, टाकीचा पत्रा कोठून आणला, पहिल्यांदा पाण्यात लोटली तेव्हा तिथी कोणती होती, टाकीचे वेल्डिंग करणारा माणूस अद्याप हयात आहे काय, इत्यादी तपशील घेतल्यावर ते डोळे मिटतात. त्यांच्या शास्त्रात डिझेलचा फेस हे पित्त आणि टाकीच्या तळाचा गाळ व पाणी हा कफ. या दोहोंपैकी एकाचा प्रकोप ठरला की उपचारास आरंभ होतो. तिसऱ्या दोषाचा त्यांना का कोण जाणे नेहमी विसर पडतो.

पहिला फैसला पंपाविरुद्ध जातो. संस्थेने मुद्दाम दाब वाढवून ठेवला आहे, तेल हळू सोडा, असे फर्मान निघते. तेल हळू सोडले जाते. खटका जरा उशिरा पडतो, पण पडतोच. मग तेलात भेसळ असल्याची घोषणा होते व नमुना म्हणून थोडे डिझेल बाटलीत घेतले जाते. ते सूर्याकडे धरून पाहत असताना कोणीतरी भाबडेपणाने विचारतो की मागच्या बोटीने हेच तेल घोटभर हरकत न घेता कसे घेतले. त्यावर आप्पा त्याच्याकडे अशा करुणेने पाहतात की तो प्रश्न मागे घेतो.

तिसरा फैसला असा, की बोटीला कल आहे. न्यायाने सांगायचे तर यात तथ्य असते. बर्फ एकाच बाजूस भरला गेला किंवा ओहोटीत बोट एका अंगावर टेकली म्हणजे टाकीही कलते, आणि हवा जाण्याचे तोंड खालच्या अंगास आले तर ते तेलाखाली बुडून वरच्या कोपऱ्यात हवेचा गोळा कोंडून राहतो. मग टाकी भरली नसतानाच भरल्याचे सोंग करते. परंतु हा प्रकार टाकी भरत आल्यावरचा. तळाशी बोटभर तेल असताना कलाला दोष देणे म्हणजे उपाशी माणसाला अजीर्णाचे चूर्ण देणे होय. तथापि आप्पांचा शब्द मोडवत नाही. सहा खलाशी बर्फ उजवीकडून डावीकडे नेतात. बोट डावीकडे कलते. आप्पा छत्री किंचित तिरपी करून "थोडा परत" म्हणतात. काही बर्फ परत उजवीकडे येतो. एवढ्या उपद्व्यापात बर्फाचे वजन बरेच घटलेले असते.

या विश्रांतिकाळात ते डिझेल नामक गृहस्थाची कथा सांगतात. "ज्यानं हे इंजिन काढलं ना, त्या साहेबानं ह्याच टाकीच्या जाचापायी बोटीवरनं उडी टाकली." यात निम्मे सत्य आहे, आणि धन्वंतरींच्या कथेत एवढे सत्य ही चैनच म्हटली पाहिजे. रुडॉल्फ डिझेल हे सप्टेंबर १९१३ मध्ये 'ड्रेस्डेन' नावाच्या आगबोटीने इंग्लंडला जात असता रात्रीतून नाहीसे झाले, आणि पुढे त्यांचे प्रेत समुद्रात सापडले. त्यांनी जीव दिला की घातपात झाला, याविषयी अद्याप वाद आहे. टाकीचा उल्लेख मात्र कोणत्याही चरित्रकाराने केलेला नाही.

वास्तविक टाकीचा कायदा अगदी सोपा आहे: शंभर लिटर तेल आत जायचे तर शंभर लिटर हवा बाहेर पडली पाहिजे. तिच्यासाठी टाकीच्या माथ्यापासून एक बारीक नळी वर काढून तिचे तोंड खाली वळवलेले असते, आणि त्यावर बारीक जाळी असते. ही वाट बुजली की कोंडलेली हवा भरणीच्याच मार्गाने परत फिरते आणि उतरत्या तेलाशी तिची अरुंद नळीत झटापट होऊन फेस होतो. नॉझलच्या टोकाशी एक इवलेसे छिद्र असते. आतून वाहणाऱ्या तेलाच्या वेगाने त्या छिद्रातून हवा ओढली जात असते, आणि ते तेलाने किंवा फेसाने झाकले गेले की आतला पडदा खेचला जाऊन खटका पडतो. वेगाने वाहणाऱ्या द्रवाचा दाब घटतो या ज्या तत्त्वावर हे चालते, त्यावरचा प्रबंध व्हेंतुरी नावाच्या इटालियन पंडिताने १७९७ मध्ये प्रसिद्ध केला. आमच्या धक्क्यावर त्याचे श्रेय संस्थेच्या कारकुनाच्या दुष्टपणाला दिले जाते.

आणि ही वाट बुजते कशाने? कधी रंगाऱ्याच्या ब्रशाने, कारण नव्या रंगाच्या उत्साहात तो जाळीही रंगवून टाकतो. कधी खाऱ्या वाऱ्याने चढलेल्या गंजाने. कधी रबरी नळीला मध्येच झोळ पडून त्यात तेल साचल्याने. पण दोन महिने झापाखाली निवांत पडलेल्या बोटीत बहुधा कुंभारीण माशी संसार थाटते. तिला असली बोटभर रुंदीची, आडोशाची पोकळी फार प्रिय. चिखलाचे गोळे आणून ती आत घर बांधते, अंडी घालते आणि दार लिंपून निघून जाते. बळीच्या झारीत शुक्राचार्य शिरले होते ते निदान काही धोरणाने. हिला तर डिझेलच्या कोट्याची वार्ताही नसते. दोष धक्क्यावर उघडकीस आला हेही नशीबच म्हणायचे, कारण अशा टाकीने भर समुद्रात इंजिनाला तेल पुरवता पुरवता आत पोकळी धरली, की इंजिन गुदमरून थांबते, झाकण उघडताच निमूटपणे चालू होते, आणि घटकाभराने पुन्हा थांबते.

हा उलगडा धन्वंतरी करत नाहीत. तो करतो बोटीवरचा चौदा-पंधरा वर्षांचा पोऱ्या, तोही शास्त्राच्या ओढीने नव्हे. टाकीतले तेल मोजायच्या काठीचे झाकण त्याने सहज फिरवून सैल केले, तेव्हा फुस्स करून वारा सुटला आणि नॉझल न अडखळता चालू राहिले. पोऱ्याने एकवार हवेच्या नळीकडे पाहिले, एकवार आप्पांच्या काखेकडे, आणि कोणाचीही परवानगी न घेता छत्रीची ती बाहेर आलेली काडी ओढून काढून नळीत खुपसली. सुकलेल्या चिखलाचे तुकडे फळीवर पडले, पाठोपाठ दोन-तीन मेलेले कोळी, म्हणजे भावी पिढीची शिदोरी. मीटरचे आकडे भराभर पळू लागले.

क्षणभर सर्वांची दृष्टी आप्पांकडे वळली. कमी प्रतीचा मनुष्य अशा प्रसंगी गडबडला असता. आप्पांनी शांतपणे काडी मागून घेतली, पंचाने पुसली, छत्रीत जागच्या जागी बसवली आणि जमलेल्या मंडळींस उद्देशून म्हणाले, "वात! मी मघापासून काय सांगतोय?" काय सांगत होते याची खातरजमा करण्याचे धाडस कोणी केले नाही, तांडेलाने तर हात जोडून म्हटले, "आप्पा, तुमची छत्री होती म्हणून." पोऱ्याला फळीवरचा चिखल धुवायला सांगण्यात आले.

पुढची बोट लागली. तिची टाकी पहिल्या खटक्यापासून गटागटा तेल घेऊ लागली, ना फेस, ना ढेकर. आप्पांनी कानावरची विडी दुसऱ्या कानावर ठेवली, मीटरकडे पाहिले, मग नाखव्याकडे, आणि आवाज खाली आणून विचारले, "एवढ्या सहज कसा काय घेतंय रे? टाकीला खालनं भोक तर नाय?"

नाखव्याने पंप थांबवायला सांगितले.