करकर वाजते म्हणून तक्रार

कंपाउंडच्या भिंतीवर काकींचं कोपर टेकलं की समजायचं, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत सुटका नाही. कोल्हापूरच्या सुभाषनगरात त्यांच्या भाच्याचं चपलांचं काम. हल्ली तो फोनवरून परदेशात माल धाडतो, त्यामुळे जगाच्या बातम्या आधी काकींना कळतात, मग पेपरला.

"ऐकलीस काय? त्या जर्मनीच्या बाईनं व्हिडिओ पाठवलाय. घरात लाकडी फरशीवर चालालीय आणि चप्पल वाजालीय करकर. म्हणत्या, माल खराब हाय, पैसे परत द्या."

"मग?"

"मग काय! इंग्रजी कोण वाचतंय? व्हिडिओ बघून पोरगं खूश. त्याला वाटलं बाई कौतुक करालीय. अंगठा दाखवला, वर दोन जाळाची चित्रं. आगं, आमचं मामंजी करकर वाजत न्हाई म्हणून दुकानदाराशी भांडून आलं होतं. माणूस येतंय ते गल्लीच्या टोकापास्नं कळाय पाहिजे, त्याचे जादा पैसे मोजायचे लोक."

मला मात्र त्या बाईचीच दया आली. तक्रार करावी आणि समोरून जाळाची चित्रं यावीत! दुकानात असती तर तिच्या कपाळावरची आठी भाच्याला दिसली असती. फोनवर नुसती करकर पोचली.

"पण मी म्हणतो, ही बाई बरी. तोंडावर बोलली तरी. ते प्राडावाले?"

"काकी, ते मिटलं की आता."

"कसं मिटलं ते बघ की. मिलानात पोरांच्या पायात आपली चप्पल घालून मिरवली आणि नाव काय, तर लेदर सँडल. कोल्हापूरचं नाव घ्यायला जीभ झडत होती?"

जून 2025 मधली ही गोष्ट. फोटो इकडच्या फोनांवर आले आणि आपल्या पोरांनी, कोल्हापूरच्या भाषेत, जाळ अन् धूर संगटच काढला. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सनं प्राडा या इटालियन फॅशन कंपनीला पत्र पाठवलं. कंपनीनं मान्य केलं, की या चपला भारतातल्या पारंपरिक हातकामावरून सुचल्या. जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली. डिसेंबरात महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला: इथल्याच हातांनी 2000 जोड करायचे, किंमत जोडाला सुमारे 800 युरो. रुपयांत ऐंशी हजारांच्या वर.

"कर्नाटक कशाला मधी?" मी मुद्दाम डिवचलं. काकींचं माहेर अथणी.

"का, चप्पल काय एकट्या तुमचीच? 2019 ला जीआय मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांना. इकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. सीमेवरनं सत्तर वर्षं भांडालोय, आणि पायात घालतोय ते एकच."

मी म्हटलं, ऑनलाइन आरडाओरडीनं कराराचं काम होत नाही. माणसं इथे आली, कातडं हातात घेतलं, तेव्हा झालं. काकींना पटलं नाही. "न वराडता आली असती व्हय?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

भाच्याचा खरा घोळ वेगळाच आहे. गिऱ्हाईक विचारतं, जोड कधी निघणार? हा म्हणतो, दोन दिवसांत. पावसाळ्यात कातडं वाळत नाही हे त्याला पक्कं माहीत. पण समोरच्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं? आपल्याकडे 'दोन दिवस' म्हणजे बघू, हे गिऱ्हाइकालाही ठाऊक असतं. तिकडे ती बाई तिसऱ्या दिवशी दारात उभी. उलट, एका इटालियन दुकानदाराचं ऑगस्टभर उत्तर नाही, तर पोरानं जेवण सोडलं. त्याला कोण सांगणार, की 15 ऑगस्टच्या आसपास तिकडे निम्मा देश दुकानाला कुलूप लावून समुद्रावर जातो! त्या काळात यानं रोज गुड मॉर्निंगची फुलं पाठवली, मुलंबाळं किती तेही विचारून घेतलं.

"आणि जर्मनीच्या बाईचं काय झालं?"

"मीच पोराला म्हटलो, तिला करकर आमच्यात मुद्दाम काढतात म्हणून कळीव, आणि वेणीचा व्हिडिओ पाठव. आपल्या गल्लीतली ती बाई न्हाई व्हय, दारात बसून कातड्याच्या बारीक वाद्यांची वेणी घालत्या, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरून? नजर वर न करता. तिचा पाठवला."

"मग?"

"पैसे परत मागायचं सोडलं बाईनं. उलट विचारालीय, वेणी घालणारीला जोडामागं किती देता?"

"भाच्यानं काय कळवलं?"

"कशाचं कळवतोय! रोज सकाळी फुलं तेवढी पाठवालाय."