एकशेवीस तासांचा मानकरी

एम.कॉम.च्या प्रथम वर्षाचे दुसरे सत्र सुरू झाले की पुण्याच्या सदाशिव पेठेतील एखाद्या सीएच्या कचेरीत, जेथे एरवी फायलींच्या ढिगाऱ्यामुळे माणसास नीट उभेही राहता येत नाही अशा जागी, एक नवी मूर्ती अवतीर्ण होते. तिच्या पाठीवर सॅक, हाती पारदर्शक फोल्डर आणि मुखावर, परतीची गाडी ठरवूनच आलेल्या पाहुण्याचा निश्चिंत भाव असतो. महाराष्ट्रातील पदव्युत्तर वर्गांना 2023-24 पासून नवे शैक्षणिक धोरण लागू झाले आणि त्याबरोबर ह्या सत्रात, विद्यार्थी ज्याला ‘ओजेटी’ म्हणतात ते कार्यस्थळीचे प्रशिक्षण दाखल झाले. त्याचे 4 श्रेयांक, एका श्रेयांकास 30 तास, एकूण 120. धोरणकर्त्या विद्वज्जनांच्या मनात उद्योगविश्वाचा परिचय, व्यवहारज्ञान, कौशल्यवृद्धी असे अनेक उदात्त हेतू असतील. आमच्या उमेदवाराने मात्र त्या समग्र वाङ्मयातून नेमका आकडा तेवढा उचलला, आणि माझ्या मते त्यात त्याची काही चूक नाही, कारण परीक्षकही शेवटी तोच पाहणार असतो.

कचेरीत येण्यापूर्वीच त्याचे गणित पक्के असते. रोज 8 तास बसल्यास 15 दिवस, 6 तास बसल्यास 20, आणि सकाळची व्याख्याने सांभाळून 4 तास बसल्यास पुरता महिना. “तुला टॅली येते का रे?” असे साहेबांनी विचारावे, तर “येते थोडी” एवढ्यावर त्याची बोळवण करून तो अत्यंत विनयाने आपला प्रश्न पुढे करतो: “सर, जेवणाची सुट्टी तासांत धरतात का?” ह्या प्रश्नाने पलीकडच्या टेबलाशी व्हाउचरांवर टिका मारीत बसलेला आर्टिकल, म्हणजे सीए होऊ पाहणारा शिकाऊ, मान वर करून पाहतो. त्याची उमेदवारी दोन वर्षांची, आणि त्याच्या आधीच्यांची तर तीन वर्षांची. ज्याने काळ वर्षांत मोजला त्याला मिनिटांचा हिशेब मागणारा हा प्राणी परग्रहावरचा वाटावा, हे स्वाभाविकच आहे. कायद्याच्या विद्यार्थ्यांची मोजदाद आठवड्यांची. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमास 12 आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमास 20 आठवडे. तासापर्यंत खाली उतरण्याचा मान वाणिज्यशाखेसारख्या हिशेबी शाखेकडेही यावा, ह्यात औचित्यच आहे.

त्याची खरी प्रतिभा प्रकट होते ती कामाच्या नोंदवहीत. तारीख, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, केलेले काम आणि सही, असे पाच रकाने. पैकी पहिले तीन तो सराफाच्या काट्याने भरतो आणि चौथ्यात त्याची लेखणी फुलते. झेरॉक्स काढून आणल्या त्या दिवशी ‘दस्तऐवजांचे व्यवस्थापन’ झालेले असते. खालच्या टपरीवर जाऊन चहा सांगितला असेल तर ‘बाह्य सेवादात्यांशी समन्वय’. आणि साहेब कोर्टात गेल्यामुळे दुपारभर कोणीच काही सांगितले नाही, तर ‘कार्यालयीन प्रक्रियांचे निरीक्षण’. ही शैली त्याला कोणी शिकवली नाही. आमच्याकडील वार्षिक अहवाल ज्यांनी वाचले आहेत त्यांना तिचे कुलशील ताबडतोब ओळखता येईल.

महिन्याच्या 20 तारखेस, म्हणजे जीएसटीआर-3बी हे मासिक विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या दिवशी, त्याचे भाग्य उजळते. त्या दिवशी सगळा महाराष्ट्र एकाच पोर्टलच्या दारात उभा असतो आणि पडद्यावरचे चक्र फिरत राहते. साहेबांच्या कपाळावर घाम, आर्टिकलच्या तोंडी अपशब्द, आणि क्लायंटला फोन लावून “काका, ओटीपी आला का?” असे दर पाच मिनिटांनी विचारण्याचे काम आमच्या उमेदवाराकडे. इतरांचा जीव जात असताना त्याचे तास मात्र जात नाहीत, जमा होतात. पोर्टल जितके मंद तितकी त्याची प्रगती शीघ्र. रात्री साडेआठला विवरणपत्र दाखल झाले तेव्हा कचेरीत सर्वांत खिन्न चेहरा त्याचाच होता असे म्हणतात.

सह्यांचा प्रकार सांगावा की न सांगावा, ह्या विचारात मी होतो, पण सांगतो. रोजच्या रोज सही करावयाची हा नियम आणि शेवटच्या दिवशी एकदम सगळ्या करावयाच्या हा प्रघात. उमेदवार त्यासाठी तीन पेने घेऊन येतो: एक निळे, एक काळे, एक शाई संपत आलेले. “सर, ह्या पानावर काळ्याने घ्या, परवाची निळ्याने झाली आहे,” असे तो सांगत जातो आणि ज्या माणसाने लोकांच्या ताळेबंदांतील अशाच लबाड्या पकडण्यात उमर घालवली तो निमूटपणे पेन बदलत जातो. मग लेटरहेडवर दाखला, त्यावर शिक्का, आणि वहीतील तासांची बेरीज.

बेरीज आली 121 तास 30 मिनिटे. शिशुपालाचे शंभर भरल्यावर पुढे काय करावयाचे हा प्रश्न श्रीकृष्णास पडला नव्हता, आमच्या उमेदवारास पडला. तो दोन क्षण वहीकडे पाहत राहिला आणि मग टेबलापाशी परत येऊन अदबीने म्हणाला, “सर, माझा एक मित्र आहे, त्याचे दीड तास कमी पडताहेत. माझे जास्तीचे त्याच्या नावे वर्ग करता येतील?”

साहेबांनी चष्मा काढला. नकार देण्यापूर्वी ते क्षणभर थबकले, आणि आर्टिकल शपथेवर सांगतो की ते मनातल्या मनात खतावणीचे सदर शोधीत होते.