बॅटरीत बॅटरी आहे का?

पावसाळ्याच्या तोंडावर देवगडहून आत्याचा फोन आला. "एक बरी बॅटरी धाड." आमच्या घरात बॅटरी म्हणजे न्हाणीघराच्या वाटेवर मारायची ती. पायाखाली जनावर येऊ नये म्हणून. सरकारी मराठीत तिला विजेरी म्हणतात. तो शब्द पाठ्यपुस्तकाबाहेर मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. बाजारातून चार्जिंगची, झगझगीत उजेडाची एक आणली, खोक्यात घातली आणि पार्सलवाल्याच्या काउंटरवर गेलो.

"काका, आत काय?"

"बॅटरी."

"बॅटरी जात नाही."

"अहो, ती बॅटरी नव्हे. टॉर्च आहे."

"टॉर्चमध्ये बॅटरी आहे का?"

"असणारच. नाहीतर पेटेल कशी?"

"मग बॅटरीच झाली की."

तर्कात खोट काढायला जागा नव्हती. आता नियम मुळात वेडा नाही, हे कबूल करतो. 3 सप्टेंबर 2010 ला दुबईजवळ एक मालवाहू विमान हवेतच पेटून कोसळलं. मालात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता. दोन्ही वैमानिक गेले. असली बॅटरी आतल्या आत तापत जाते आणि शेजारणीलाही पेटवते. म्हणून 1 एप्रिल 2016 पासून प्रवासी विमानांच्या मालात सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या बंद झाल्या. मालवाहू विमानातून पाठवायच्या तर चार्जिंग 30 टक्क्यांच्या वर नको, असंही ठरलं. (तारीख एप्रिल फूलची असली तरी थट्टा नव्हती.) पण उपकरणात बसवलेल्या बॅटरीचा क्रमांक वेगळा आणि नियमही वेगळे. सुटी बॅटरी 3480, उपकरणातली 3481. हा एका आकड्याचा फरक जगाच्या विमानांचे नियम ठरतात त्या माँट्रियलहून निघतो आणि आमच्या पेठेतल्या काउंटरवर पोचेपर्यंत गळून पडतो. उरतं ते "जात नाही".

"मग विमानानं नकोच. बाय रोड पाठवा. पुणे ते देवगड, घाट उतरला की आलं."

"सरफेसलाच बुक करतो काका, पण हबवरून पुढं कशातून जाईल ते सिस्टम ठरवते. तुम्ही एमएसडीएस आणा."

एमएसडीएस म्हणजे आतल्या रसायनांची जन्मपत्रिका. साडेतीनशेच्या टॉर्चसाठी ती मी कुणाकडे मागू? दुकानदारानं मला बिलसुद्धा दिलं नव्हतं. टॉर्चवरचे आकडे मी वाचून दाखवले. 3.7 व्होल्ट, 2000 एमएएच, म्हणजे 7.4 वॉट-अवर. त्या वेळी पार्सलवाल्या पोराचा स्वतःचा मोबाईल काउंटरवरच 20000 एमएएचच्या पॉवर बँकेला लटकला होता. म्हणजे 74. बरोब्बर दहापट. शिवाय हीच टॉर्च खिशात घालून मी विमानात बसलो तर कुणी हटकणार नाही. एकटी टेम्पोतून निघाली की मात्र ती घातपाती.

एवढ्यात शेजारच्या बाईंनी खोकं पुढं सरकवलं.

"आत काय?"

"कपडे."

खोक्यातून रुग्णवाहिकेचा भोंगा वाजायला लागला. वीऽऽवूऽऽ. पोरानं खोकं उलटं केलं, भोंगा थांबला. मग शांतपणे त्यावर स्टिकर चिकटवलं आणि पावती फाडली. कपडे एअरनं गेले.

इथं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भीती बॅटरीची नाहीच. कागदावरच्या त्या तीन अक्षरांची आहे. ज्यानं खरं सांगितलं, त्याचं पार्सल रस्त्यानंही हलत नाही. ज्यानं कपडे सांगितले, त्याची बॅटरी विमानात चढते. तीही कुणाला पत्ता नसताना, म्हणजे नियम ज्या विमानासाठी केला त्याच विमानात.

पण खोटं लिहायचं म्हटलं तरी माझा हात धजेना. मास्तराचा मुलगा आहे मी. घरी आलो, जेवलो, झोपलो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच काउंटरवर फॉर्म भरला. वस्तूच्या रकान्यात शुद्ध मराठीत लिहिलं: विजेरी.

"हे काय काका?"

"घरगुती वस्तू. उजेडाची."

"काच आहे?"

"पुढं थोडी."

त्यानं 'फ्रॅजाइल'चं स्टिकर लावलं. मी आवर्जून सांगितलं, "सरफेस हं!" त्यानंही आवर्जून मान हलवली. रात्री मेसेज आला: आपलं पार्सल विमानतळावर पोचलं आहे. मी झोपलो नाही. भाषा संचालनालयाला एवढ्या जोखमीची कल्पना असेल का, या विचारात पडून राहिलो.

पाचव्या दिवशी आत्याचा फोन.

"मिळाली बॅटरी. पण झाकण उघडणा नाय. सेल खंय घालूचे?"

"आत्या, सेल आतच असतात. बटण दाब."

"दाबलंय. पेटणा नाय."

म्हणजे उतरली होती. तीस टक्क्यांच्या कितीतरी खाली. नियमात अगदी चपखल. "अगं, ती चार्ज करायची असते. खोक्यात वायर आहे बघ, ती बोर्डाला लाव."

पलीकडे पागोळ्यांचा आवाज येत होता.

"काल रात्रीपासून लाईट नाय," आत्या म्हणाली. "म्हणान तर तुझ्याकडे बॅटरी मागितलंय!"