घर काढलेले आप्पा

ज्याने घर विकायला काढले आहे पण अजून विकलेले नाही, असा गृहस्थ सुरतेतल्या बमरोलीच्या जवळपास प्रत्येक सोसायटीत सापडतो. हे ‘अजून’ दोन महिन्यांचे असू शकते, तसेच दहा वर्षांचेही. सोयीसाठी या गृहस्थाला येथे आप्पा म्हटले आहे. आप्पांचे वय पन्नाशीच्या पुढे असते. तरुणपणी ते अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा किंवा नंदुरबारहून भुसावळ-सुरत पॅसेंजरने सुरतेला येतात, लूमच्या खात्यात (कारखान्यात) किंवा पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये बारा-बारा तासांची पाळी करतात, उधन्याला एका खोलीत चौघांबरोबर काही वर्षे काढतात आणि शेवटी बमरोलीत स्वतःचे घर घेतात. घर घेणे हा त्यांचा पहिला मोठा पराक्रम. घर विकणे हा दुसरा, आणि तो कायम चालू असतो.

हे घर बहुधा ‘गाळा टाइप’ असते. रुंदी 12 फूट, खोली 45 फूट, म्हणजे सुरतेच्या मापाने 60 वार (चौरस यार्ड). दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी भागीदारीत, त्यामुळे उजेड फक्त पुढून येतो आणि शेजारचे भांडण दोन्हीकडून. तळमजल्यावर आप्पांचे कुटुंब राहते. वरचा मजला नंतर चढवलेला असतो आणि तेथे लूमवर काम करणारे ओडिशाचे कारागीर भाड्याने राहतात. घर घेतले तेव्हा बमरोली हे गाव होते. 2006 मध्ये सुरत महानगरपालिकेची हद्द 112 चौरस किलोमीटरवरून 326 वर गेली आणि आजूबाजूच्या गावांबरोबर बमरोलीही शहर झाली. आप्पा तेव्हापासून स्वतःला दूरदृष्टीचे समजतात.

घर का काढले, या प्रश्नाला आप्पांकडे एकच उत्तर नसते. दलालाला ते सांगतात, मुलाचे लग्न काढायचे आहे. नातेवाइकांना सांगतात, डिंडोलीला मोठे घर बघितले आहे. शेजाऱ्याला सांगतात, आता गावी जाऊन शांतपणे राहायचे. गिऱ्हाइकाला सांगतात, “पैशाची गरज म्हणून विकत नाही हं.” चारही कारणे एका दिवसात, चार माणसांना, तितक्याच मनापासून सांगितली जातात.

भाव ठरवण्याची पद्धत मात्र पक्की आहे. गल्लीत शेवटचे घर कितीला गेले, याविषयीची सर्वांत मोठी अफवा हा मूळ आकडा. त्यात बाथरूमच्या टाइल्स, ओट्याचा ग्रॅनाइट आणि छतावरची पाण्याची टाकी यांचा खर्च मिळवायचा. नंतर ‘दलाल पाच टक्के तोडणारच’ म्हणून दहा टक्के वाढवायचे. 15 एप्रिल 2023 पासून गुजरात सरकारने जमिनीची जंत्री दुप्पट केली, तेव्हा बमरोलीतल्या आप्पांनीही आपला भाव त्याच आठवड्यात वर नेला. जंत्री हा मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी सरकारने ठरवलेला किमान दर आहे. तो वाढला की गिऱ्हाइकाचा खर्च वाढण्याची शक्यता असते आणि विक्री आणखी अवघड होते. आप्पांना त्यातून एवढेच कळते की सरकारलाही आता बमरोलीची किंमत समजली.

दलाल हा या व्यवहारातला एकमेव उतावळा माणूस. त्याचा मूळ धंदा पानटपरीचा, किराण्याचा किंवा मोबाइल रिचार्जचा असतो. दलालीवर तो दोन्ही बाजूंनी एकेक टक्का धरून बसलेला असतो. विकणाऱ्याला तो म्हणतो, “आप्पा, पार्टी एकदम पक्की आहे.” घेणाऱ्याला म्हणतो, “आज हो म्हणा, संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय.” संध्याकाळी येणारी पार्टी आणि पक्की पार्टी ही पुष्कळदा एकच असते.

सुट्टीच्या दिवशी गिऱ्हाईक घर बघायला येते. ते एकटे कधीच येत नाही. सोबत बायको, भाऊ, मेहुणा आणि बांधकामातले कळणारा एक जण असतो. हा कळणारा माणूस भिंतीवर टिचकी मारतो, छताच्या ओलीकडे बघतो आणि काहीच बोलत नाही. त्याच्या गप्प बसण्याने भाव लाखभराने खाली येतो, असा समज आहे. मेहुणा होकायंत्राचे अ‍ॅप उघडून दार आग्नेयेला आहे का ते बघतो. बायको मोरी आणि गॅसची जोडणी बघते, आणि बहुतेक वेळा घराबद्दलचा खरा निर्णय तिथेच होतो. मग मुख्य बोलणी, अर्धी अहिराणीत.

“काय भाव शे, आप्पा?”

“भाव सांगाले काय, तुम्ही तर आपलाच माणूस.”

“पावसाळामा पाणी भरस का?”

“2006 मध्ये सगळ्या सुरतेत भरलं होतं.”

ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर आला आणि सुरतेचा बहुतेक भाग बुडाला, हे खरे. पण बमरोलीच्या बाजूला खरी भीती खाडीच्या पाण्याची असते आणि तो प्रश्न विचारला गेलेलाच नसतो. आप्पा खोटे बोललेले नसतात. चहा होतो, पोहे होतात, “फोन करतो” म्हणून पाहुणे उठतात. हा फोन बहुधा येत नाही. आप्पांना त्याचे दुःखही होत नाही. आपले घर बघायला काल पाच माणसे आली होती, हे ते दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर सांगतात आणि भाव आणखी थोडा घट्ट होतो.

क्वचित एखाद्या गिऱ्हाइकाचा फोन येतो आणि बोलणी बयाण्यापर्यंत पोहोचतात. बयाणा शुभ आकड्यात द्यायचा असतो, म्हणून 11 हजार किंवा 21 हजार. आयकर कायद्याने 1 जून 2015 पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेण्यास बंदी आहे, त्यामुळे 21 हजारांचा शुभ आकडा रोखीत अशुभ ठरतो आणि 11 हजारांवर तडजोड होते. पेढे वाटले जातात. येथून पुढे विलंबाला खरी सुरुवात होते, कारण आता पहिल्यांदा कोणीतरी कागद मागते.

कागदांच्या बाबतीत आप्पांचे दोन प्रकार आहेत. पहिला पॉवरचा आप्पा. त्यांचे घर शेतजमिनीवर पाडलेल्या प्लॉटवर उभे असते. मूळ शेतकऱ्याने बिल्डरला, बिल्डरने पहिल्या मालकाला आणि पहिल्याने आप्पांना नोटरीसमोर पॉवर ऑफ ॲटर्नी, साटाखत (विक्रीचा करार) आणि कब्जा पावती करून दिलेली असते. हे सारे कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी स्टीलच्या डब्यात आणि डबा कपाटात असतो. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे 100 रुपये किंवा त्याहून अधिक किमतीची स्थावर मालमत्ता नोंदणीकृत दस्तानेच विकली जाते. नुसत्या पॉवरवर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्पच्या खटल्यात स्पष्ट केले. आप्पांच्या बाजूने पुरावा म्हणून महानगरपालिकेचे वेराबिल (घरपट्टीचे बिल) आणि लाइट बिल पुढे येते. वेरा भरल्याने आणि दिवा लागल्याने मालकी सिद्ध होत नाही, असे वकील सांगतो. “पंधरा वर्षं भरतोय मी,” असे आप्पा सांगतात. दोघेही बरोबर असतात आणि व्यवहार थांबतो. बँक अशा घरावर कर्ज देत नाही. तीस वर्षांच्या नोंदींचा सर्च आणि टायटल क्लिअर असल्याचा दाखला तिला हवा असतो. अनधिकृत बांधकाम फी भरून नियमित करण्याचा कायदा गुजरातेत 2011 मध्ये आणि पुन्हा 2022 मध्ये आला. या फीला लोक इम्पॅक्ट फी म्हणतात. ती बांधकामासाठी आहे, जमिनीच्या मालकीसाठी नाही, ही गोष्ट फॉर्म भरून झाल्यावर कळते.

दुसरा दस्ताचा आप्पा. त्यांच्याकडे सब-रजिस्ट्रारचा शिक्का असलेला दस्त असतो आणि तो ते देवघराच्या खणात ठेवतात. त्यांची अडचण वेगळी. गुजरातेत मुद्रांक शुल्क 4.9 टक्के आणि नोंदणी फी 1 टक्का आहे. घेणारी बाई असेल तर नोंदणी फी माफ होते. हा एक टक्का वाचवण्यासाठी आप्पांनी घर बायकोच्या, म्हणजे काकूंच्या नावे घेतलेले असते आणि नंतर ते विसरलेले असतात. म्हणजे घर काढले आप्पांनी, भाव ठरवला आप्पांनी, बयाणा घेतला आप्पांनी. सही मात्र काकूंची लागते. त्यातही दस्तावर त्या सुमनबेन, आधार कार्डावर सुमनबाई आणि वेराबिलावर नुसत्या सुमन असतात. या तिघी एकच आहेत, असे प्रतिज्ञापत्र करावे लागते. प्रतिज्ञापत्र होते. सहीच्या वेळी काकू पहिल्यांदा बोलतात. त्या नाही म्हणत नाहीत. त्या विचारतात, “मग राहायचं कुठं?” या प्रश्नाची तयारी ना दलालाने केलेली असते ना वकिलाने. डिंडोलीचे ते मोठे घर आप्पांनी बाहेरूनच बघितलेले असते, आणि त्या घराच्या मालकानेही ते नुसते काढलेलेच असते.

दरम्यान गिऱ्हाइकाचे पैसे मोकळे होत नसतात. तोही आप्पांसारखा खानदेशचाच. बयाणा देताना त्याने गृहीत धरलेले असते की गावाकडचा शेताचा हिस्सा विकला की रक्कम उभी राहील. तो हिस्सा भावाबहिणींत सामाईक असतो. चोपड्याची बहीण हक्कसोडपत्राला तयार असते. पण ते भाऊबीजेला आल्यावर, आणि मला आधी विचारले का नाही याचा खुलासा झाल्यावर. वाटणीनंतर तुकडा लहान निघाला तर महाराष्ट्राचा 1947 चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो. 2023 पासून जिरायतीसाठी 20 गुंठे आणि बागायतीसाठी 10 गुंठे ही मर्यादा आहे. तुकडा पुरेसा मोठा असला तरी शेत घेणारा शेतकरी असावा लागतो, आणि विकणाऱ्याकडे दुसरी शेतजमीन उरली नाही तर पुढे त्याला शेत घेणे अवघड जाते. सातबाऱ्यावरचे नाव जाणार, या विचाराने गिऱ्हाइकाच्या वडिलांचा रक्तदाब वाढतो. शेवटी शेताला गिऱ्हाईक मिळते, तर त्याचे पैसे कापसात अडकलेले असतात. अशा रीतीने बमरोलीतल्या 60 वारांचा व्यवहार अमळनेर तालुक्यातल्या कापसाच्या वेचणीवर येऊन थांबतो.

यावर पंचांग वेगळे. सुरतेतले मराठी कुटुंब दोन्ही प्रांतांचे निषिद्ध दिवस पाळते. पितृपक्ष आहेच. डिसेंबरच्या मध्यापासून मकरसंक्रांतीपर्यंत गुजराती शेजाऱ्यांचा कमुरता, होळीपूर्वी आठ दिवस होळाष्टक. दिवाळीत लाभपाचमीपर्यंत बाजार, खाती आणि दलाल सगळेच बंद. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सारी सोसायटी गावाला गेलेली असते आणि लग्नसराईत परतलेली नसते. शिवाय तीन वर्षांनी अधिक महिना येतो. 2023 मध्ये तो श्रावणात आला, 2026 मध्ये ज्येष्ठात. या सगळ्यातून जे दिवस उरतात त्या दिवसांत वकील कोर्टात असतो.

एवढे होऊनही काही व्यवहार दस्तापर्यंत पोहोचतात. ई-स्टॅम्प निघतो, ऑनलाइन वेळ मिळते आणि सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत सगळे जमतात. दोन साक्षीदारांपैकी एक चहाला गेलेला असतो, सर्व्हर त्याच्याही पुढे गेलेला असतो. काकूंचा अंगठा यंत्रावर उमटत नाही, कारण तीस वर्षांच्या धुण्याभांड्यांनी रेषा पुसट झालेल्या असतात. तिसऱ्यांदा उमटतो. फोटो निघतो. त्यात आप्पा नसतात, कारण कागदोपत्री ते फक्त साक्षीदार असतात. दस्त झाल्यावर आप्पा पहिल्यांदा गप्प होतात आणि रिक्षात बसल्यावर म्हणतात, “पाच लाख कमी आले.”

उरलेले बहुसंख्य आप्पा घर विकतच नाहीत. बयाणा परत जातो, दलालाशी बोलणे काही महिने बंद राहते, आणि पुढल्या उन्हाळ्यात आप्पा वर आणखी एक मजला चढवतात. तोही भाड्याने जातो. घर मात्र काढलेलेच असते. विचारणाऱ्याला भाव सांगितला जातो, कारण आपण राहतो त्या जागेची आज काय किंमत आहे हे अधूनमधून दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याची आप्पांना सवय झालेली असते.

कायद्याने आणि कचेरीने लागणारा उशीर कधीतरी संपतो. मालकाच्या मनातल्या उशिराला मुदत नसते. म्हणून ज्याला खरोखर घर विकायचे आहे, त्याने आधी घरच्यांना विचारावे, मग राहायची जागा नक्की करावी, मग दस्त, वेराबिल आणि आधार यांवरचे नाव एक करून घ्यावे, वकिलाकडून सर्च काढावा. दलालाला बोलवावे ते यानंतर, आणि भाव सांगावा सर्वांत शेवटी.